शीर्षक आपोआप बदलते

१

पान उघडले की आधी शीर्षक लिहायचे, हा नियम मी पेणच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत एकदाही सैल होऊ दिला नाही. दुसरा नियम वर्गाच्या दाराचा होता. उंबरठ्यावर थांबायचे, "बाई, आत येऊ का?" असे विचारायचे आणि माझे "ये" ऐकल्यावरच पाऊल आत टाकायचे. माझी मुलगी ऋतुजा माझ्याच वर्गात शिकली, आणि तिलाही यातून सूट नव्हती. पुढे ती अभियंता झाली, रोह्याच्या एका कंपनीतील संगणकांची देखरेख करू लागली; तरी मी मधल्या खोलीत टेबलाशी बसलेली असले की ती उंबरठ्यावर थांबत असे. आधी थट्टा म्हणून, मग सवय म्हणून.

"बाई, आत येऊ का?"

"ये. चप्पल बाहेर काढलीस ना?"

"तुमच्या घरात चप्पल घालून यायला मी काय इन्स्पेक्टर आहे?"

आमचे घर साधे आहे. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, अशी एकामागे एक. मधल्या खोलीची एक भिंत निकेशच्या गणपतीच्या कारखान्याला लागून आहे. निकेश माझा जुना विद्यार्थी. त्याच्याकडे मूर्तींवर पॉलिश पेपर फिरू लागला की तो खरखर आवाज भिंतीतून दिवसभर झिरपतो. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच मी मान वर करीत असे.

ऋतुजा आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करी. तिच्या पडद्यावर काळ्या खिडक्या असत आणि त्या खिडक्यांत ती आज्ञा लिहीत असे. जे मला समजत नाही ते माझ्या घरात चालावे, हे मला मान्य नव्हते. मी तिला शिकवायला सांगितले.

"आई, खिडक्या सगळ्या सारख्या दिसतात," ती म्हणाली. "चुकीच्या खिडकीत आज्ञा दिली तर भलतंच यंत्र बंद पडतं. म्हणून ही वरची पट्टी बघायची. हे खिडकीचं शीर्षक. कोण बसलंय, कुठे उभं आहे, काय करतंय, सगळं इथे दिसतं."

"आणि हे लिहितं कोण?"

"मी चार ओळी लिहून ठेवल्यात. प्रत्येक आज्ञेनंतर शीर्षक आपोआप बदलतं."

"आपोआप म्हणजे मनाने?"

"मनाने नाही. कुणीतरी एंटर दाबल्यावर. कुणी दाबलंच नाही, तर पट्टी वर्षभर तशीच राहील."

हा नियम मला आवडला. शीर्षक खोटे बोलणार नाही, याची त्यात हमी होती.

२

माझ्या सरावासाठी तिने यंत्रात आमचे घर तयार केले. 'घर' नावाचा कप्पा. त्याच्या आत 'बाहेरची', 'मधली' आणि 'स्वयंपाकघर'. आज्ञाही मराठीत करून दिल्या. 'जा' म्हणजे त्या खोलीत जाणे. 'मागे' म्हणजे ज्या खोलीतून आलो तिथे परतणे. 'कुठे', 'बघ', 'कर', 'काढ' यांचे अर्थ वेगळे सांगायला नकोत. पडद्यावर दोन खिडक्या शेजारीशेजारी असत. एकीच्या शीर्षकात 'आई', दुसरीच्या 'ऋतुजा'. ती तिच्या खिडकीतून घरभर फिरे आणि मी पट्टी वाचून ती कुठे उभी आहे ते सांगे. 'ऋतुजा : घर/स्वयंपाकघर' असे दिसले की मी म्हणे, "डबे उघडू नकोस."

एका दुपारी तिने 'बाई' म्हणून हाक मारली नाही, की थट्टाही केली नाही. नुसते विचारले, "आई, मधलीच्या आत ही खोली तू केलीस?"

मी पाहिले. 'मधली'च्या आत आणखी एक नाव होते. 'पलीकडची'.

"घरात नसलेली खोली मी कशाला करीन?"

"मग कुणी केली?"

"तूच केली असशील. मला चकवायला."

"नाही गं." ती पडद्याकडे पाहत राहिली. "आत काहीच नाही. रिकामी आहे."

"मग काढून टाक."

"राहू दे. कुणी केली ते आधी बघते."

मी भिंतीकडे पाहिले. मधल्या खोलीच्या पलीकडे कारखाना आहे, खोली नाही. निकेशकडची खरखर तेवढी ऐकू येत होती. ती ऐकत मी भात टाकायला उठले. विसर्जनानंतर निकेश कारखाना काही दिवस बंद ठेवतो, आणि तेव्हा विसर्जन होऊन गेलेले होते, हे मला तांदूळ धुताना आठवले. मी नळ बंद केला. आवाज येतच होता.

३

दुसऱ्या दिवशी मी रोह्याजवळच्या अष्टमी गावी गेले. माझ्या जुन्या सहकारी नमिताबाई तिथे राहतात. त्यांच्या नातवाचे बारसे होते. निघताना ऋतुजा टेबलाशी बसली होती. "येताना रोह्याहून ढोकळा आण," ती मान न वळवता म्हणाली.

संध्याकाळी परतले तेव्हा दार आतून लावलेले होते. कडी वाजवली, हाका मारल्या. शेवटी शेजारून निकेश आणि त्याची बायको स्वप्नाली आली.

"झोपली असंल ओ बाई," स्वप्नाली म्हणाली. "तुम्ही घरात नाय म्हटल्यावर बिचारी झोपून तरी घेईल."

निकेशने मागच्या बाजूने जाऊन पाहिले. मागचे दारही आतून बंद होते. त्याने न्हाणीघराची जाळी काढली, आत उतरला आणि पुढचे दार उघडले. त्याचा चेहरा पाहून मी पिशवी खाली ठेवली.

"बाई, आत कोन नाय."

चपला उंबरठ्याबाहेर होत्या. फोन टेबलावर होता. चहाच्या कपावर बशी झाकलेली होती आणि कप अजून कोमट होता. खुर्ची भिंतीकडे वळवलेली होती, जणू कुणी तिथून हाक मारली म्हणून ती वळली असावी.

पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. माझी होती तशीच. तिच्या खिडकीचे शीर्षक होते, 'ऋतुजा : घर/मधली/पलीकडची'.

पोलीस आले. त्यांच्यातील एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "मॅडम, मुलीचं बाहेर कुठं काही होतं का?"

"दोन्ही दारांना आतून कड्या होत्या," मी म्हणाले. "प्रश्न विचारताना आधी समोरचे उत्तर वाचावे."

तो खजील झाला. पण म्हणून त्याच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता. शोध पुलावर झाला, नदीकाठी झाला, स्थानकावर झाला. घरात शोधण्यासारखे काही नाही, असे सर्वांचे मत पडले.

४

मी यंत्र बंद करू दिले नाही. ते तिने शेवटचे हाताळलेले होते, एवढेच माझे कारण होते.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी मी समोर बसले असताना तिच्या खिडकीची पट्टी बदलली. 'ऋतुजा : मागे'. क्षणभर तेवढेच, आणि लगेच पुन्हा 'ऋतुजा : घर/मधली/पलीकडची'. खालचा काळा भाग रिकामाच होता.

मी कळफलकाला हात लावलेला नव्हता. उठून खिडक्यादारे पाहून आले. परतेपर्यंत पट्टी पुन्हा बदलत होती. मागे. पलीकडची. मागे. पलीकडची.

मी गणित शिकवलेले आहे. घाबरण्याआधी कारणे मांडावीत, हे मला ठाऊक आहे. एखादी कळ अडकली असेल. विजेचा दाब कमीजास्त होत असेल. तिच्या त्या चार ओळी स्वतःभोवती फिरत असतील. पण यंत्र एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करते तेव्हा तिला ठेका असतो. याला नव्हता. कधी घाईघाईने, एकावर एक. कधी इतका वेळ शांतता, की मी श्वास रोखून बसे. मी जेवणाचे ताट घेऊन आले की ते थांबे. मुलांच्या वह्या तपासण्यात माझे आयुष्य गेले आहे. थकलेला हात मला ओळखता येतो.

प्रत्येक बदलाच्या आधी भिंतीतून खरखर येई.

मी निकेशला बोलावले. त्याने कपाट सरकवले, भिंतीला कान लावला.

"नाय बाई. मला तं कायच ऐकू नाय येत."

"नीट ऐक."

"कारखान्याला कुलूप हाय, बाई. मूर्ती पन नाय आत, साचे हायेत नुसते. चला, दावतो."

मी गेले. भिंत त्याच्या बाजूनेही भिंतच होती, पांढऱ्या मातीने माखलेली. मी तिच्यावर तळवा ठेवला. पलीकडे माझी मधली खोली होती. मधल्या विटांत माणूस मावणार नाही, एवढे मोजायला फूटपट्टी लागत नाही. तरीही मी मुठीने ठोकले आणि तिथे उभी राहून हाक मारली. निकेशने मान दुसरीकडे वळवली. माझ्या विद्यार्थ्याने मला तशा अवस्थेत पाहावे, हे एरवी मी सहन केले नसते.

५

रोह्याहून रितेश आला. तो ऋतुजाबरोबर काम करतो. "यात काहीतरी फिरतंय, मावशी, पाच मिनिटांचं काम," असे म्हणत तो खुर्चीत बसला. माझ्या खिडकीतूनच त्याने तिच्या खिडकीची तपासणी केली. मग त्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"मावशी, ह्यात काय फिरत नाय. तिच्या ओळी बरोबर हायेत."

"मग?"

"कुणीतरी टाइप करतंय. एकेक अक्षर."

"कुठून?"

"ह्याच कळफलकावरून, असं हे सांगतंय."

आम्ही दोघांनी कळफलकाकडे पाहिले. त्याच्यावर कुणाचेही बोट नव्हते. पट्टी बदलली. 'ऋतुजा : मागे'.

"हिने 'मागे' म्हटल्यावर मधल्या खोलीत यायला हवे," मी म्हणाले. "का येता येत नाही?"

"यायलाच पायजे." तो बारीक आवाजात बोलू लागला होता. "मावशी, मी हे रोह्याला घेऊन जातो. तिथं उघडून बघतो."

"त्यासाठी खिडकी बंद करावी लागेल?"

"व्हय."

"बंद केली, तर तिच्यात जे असेल त्याचे काय होते?"

रोह्याची गाडी चुकेल असे काहीतरी पुटपुटत तो उठला. दारातून मात्र परत फिरला. "बॅटरी जुनी हाय तिची," तो म्हणाला. "लाइटीवर लक्ष ठेवा. यंत्र विझलं, तर खिडकी गेली."

६

त्यानंतर मी मधली खोली सोडली नाही. प्लग सैल होऊ नये म्हणून त्याला सुतळी बांधली. स्वप्नाली डबा आणून देई आणि दारातच उभी राहून म्हणे, "बाई, दोन घास खावा गो माय. पोरगी आली तं मला म्हनंल, आईला वाळवलीस." ती हसवायला पाहत होती. एरवीसारखे मी तिचे 'गो माय' सुधारले नाही, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

मी देवाला काही मागत नाही. तरी त्या दिवसांत मी पट्टीला विनवण्या केल्या. "हळू," मी म्हणे. "घाई करू नकोस. दमशील." भिंतीतील खरखर थोडी सावकाश होई, असे मला वाटे.

मग एका सकाळी वीज गेली. तारांचे काम होते. संध्याकाळपर्यंत येणार नाही, असे कळले. कोपऱ्यातील बॅटरीचे चित्र अर्ध्यावर होते, मग अर्ध्याच्याही खाली उतरले. निकेश हमरापूरला गेला होता. रंगाच्या फवाऱ्यासाठी त्याच्याकडे जनित्र आहे, पण कारखान्याची किल्ली त्याच्याजवळ. स्वप्नालीने त्याला फोन लावला. "निघालो हाय, वायर पन आनतो," एवढे तो म्हणाला.

बॅटरीचे चित्र लाल झाले. पट्टी वेड्यासारखी बदलू लागली. मागे मागे मागे. मधले शीर्षक वाचायलाही वेळ मिळेना. भिंतीतील आवाज आता पॉलिश पेपरचा वाटत नव्हता. नखे लहान असली आणि भिंत खडबडीत असली, की तसा आवाज येतो.

मी विचार केला. शाळेत एखाद्या तुकडीचा पट कमी झाला की ती तुकडी मोडतात. 'ब' तुकडी बंद केली की तिच्यातील मुले दप्तरे उचलून 'अ' तुकडीत येऊन बसतात. मी मुख्याध्यापकांच्या समोर बसून तशा तुकड्या मोडल्या आहेत, आणि एकही मूल त्यात हरवले नाही. खोली नाहीशी झाली की आतले आधीच्या खोलीत येणारच. दुसरी जागाच कुठे आहे?

माझ्या खिडकीत मी 'मधली'त उभी राहिले. अक्षरे नीट तपासून आज्ञा लिहिली, 'काढ पलीकडची'. एंटर दाबले.

भिंत शांत झाली.

शांतता इतकी पूर्ण होती की मी हसले. उठून उभी राहिले आणि उंबरठ्याकडे तोंड करून, पदर सारखा करून, थांबले. कुणी विचारले नाही.

मी पडद्याकडे पाहिले. पट्टी तीच होती. 'ऋतुजा : घर/मधली/पलीकडची'. मग ती सावकाश बदलली, 'ऋतुजा : मागे', आणि तिच्या खिडकीच्या काळ्या भागात प्रथमच एक ओळ उमटली. ती इंग्रजीत होती. तिचा अर्थ असा होता, की मागची खोली सापडत नाही. अशी जागा अस्तित्वात नाही.

दारात निकेश धापा टाकत उभा होता. खांद्यावर वायरचे वेटोळे. "बाई, आनली बगा वायर! लावू कुठं?"

७

यंत्र जगले. मी रितेशला फोन केला आणि केलेले सर्व क्रमाने सांगितले.

"मी तीच खोली पुन्हा करते," मी म्हणाले. "'कर पलीकडची'."

"नाव तेच होईल, मावशी. खोली दुसरी होईल. ती जिच्यात हाय, तिला आता दारच नाय."

"म्हणजे ती आहे."

"खिडकी उघडी हाय तोवर."

"मग मार्ग सांग. रडू नकोस, रितेश. सांग."

"'मागे' चालनार नाय. मागचं काय उरलंच नाय. तिच्या खिडकीत थेट 'जा घर' लिहायचं. मधलं काय नसलं तरी ते चालतं." तो थांबला. "पन मावशी, एंटर तुम्ही दाबनार. खिडकी घरी येईल. ती येईल का, ते मला नाय सांगता यायचं. दुसरंच काय..."

मी फोन ठेवला. निकेश आणि स्वप्नालीला घरी पाठवले. दुपारचे ऊन स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आले होते. इतके दिवस तिच्या खिडकीला मी स्पर्श केला नव्हता. आता मी तिच्यावर टिचकी मारली आणि लिहिले, 'जा घर'. माझे बोट एंटरवर किती वेळ होते, ते मला सांगता येणार नाही. बॅटरीची आता भीती नव्हती. तरी मला दुसरा उपाय सुचत नव्हता, आणि काहीच न करता त्या ओळीकडे पाहत राहणे माझ्याने होईना.

मी दाबले.

'ऋतुजा : घर'.

बाहेरच्या खोलीत चपला वाजल्या. कडी वाजली नव्हती. दार उघडल्याचाही आवाज आला नव्हता. चपला काढल्या गेल्या नाहीत. त्या फरशीवरून, सावकाश, मधल्या खोलीच्या दिशेने आल्या आणि माझ्या पाठीमागे, उंबरठ्याशी, थांबल्या. ओल्या मातीचा वास आला.

माझा सगळा जीव मानेत गोळा झाला होता. वळले असते, तर मुलगी दिसली असती. मी वळणारच होते. सवयीने एक क्षण थांबले, तिने विचारावे म्हणून.

पडद्यावर पट्टी आपोआप बदलली. कळफलकावर माझे हात होते, आणि मी काहीही दाबले नव्हते.

'ऋतुजा : घर/मधली'.

पाऊल आत पडले होते. न विचारता.

पडद्याच्या काळ्या काचेत माझ्या डोक्यामागे कुणीतरी उभे असलेले दिसत होते. उंची तिची होती. केस तिचे होते. चेहऱ्याच्या जागी निकेशच्या मूर्तींचा असतो तसा, डोळ्यांची आखणी व्हायच्या आधीचा, गुळगुळीत पांढरेपणा होता. मी नजर पट्टीवर नेली आणि तिथेच धरून ठेवली.

तेव्हा भिंतीत खरखर पुन्हा सुरू झाली. फार क्षीण, फार आतून. मग ती थांबली आणि त्या दाराविना उरलेल्या जागेतून, विटांपलीकडून, तिच्या लहानपणापासून मला पाठ असलेल्या आवाजात, कुणीतरी विचारले,

"बाई, आत येऊ का?"

उत्तर एका शब्दाचे आहे. ते मी आयुष्यभर दिले आहे आणि आताही ते माझ्या ओठांवर आले होते. पण तो शब्द उच्चारला असता, तर तो ऐकणारे दोघे होते, एक भिंतीत आणि एक माझ्या पाठीशी. आणि माझ्या मानेवर पडणारा थंड श्वास तो ऐकण्यासाठीच रोखला गेला होता.

"बाई," भिंत पुन्हा म्हणाली. आता तिला रडू येत होते. "येऊ का?"